कॉर्नफ्लेक्सच्या पुठ्ठ्यामागचं नाव

चि. रेवा आणि चि. ईशान,

रेवा, तू शाळेसाठी केलेल्या पोस्टरचा फोटो तुझ्या आईनं मला पाठवला. मधोमध मी आहे. पांढरा कोट, गोल चष्मा आणि हातात माझ्या डोक्याएवढं भिंग. खाली तू लिहिलं आहेस की माझ्या आज्जीनं आईच्या डोक्याचा स्कॅन बघून ओळखलं, आत काही वाईट नाही. मग ऑपरेशन रद्द झालं. म्हणून माझी आज्जी माझी हीरो.

चित्र छान आलं आहे. फक्त माणूस चुकला आहे. तो स्कॅन मी बघितला, अगदी तीन दिवस बघितला, पण ओळखला मी नाही. ओळखणाऱ्या बाईचं नाव आमच्या घरात कधी कोणी काढलं नाही, कारण मी काढू दिलं नाही. तिचं नाव डॉक्टर शशिकला गावंडे. मी तिला शशी म्हणायचे. इस्पितळातले गोरे लोक शॅश म्हणत.

हे पत्र आई तुम्हाला वाचून दाखवेल. वाचताना ती मध्येच थांबली तर थांबू द्या.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. लेस्टरच्या आमच्या इस्पितळात मी रेडिऑलॉजिस्ट होते, म्हणजे पेशंटला हात न लावता त्याच्या आतली चित्रं बघून रोग सांगणारी डॉक्टर. मी कन्सल्टंट होते, म्हणजे विभागातल्या सर्वांत वरच्या हुद्द्यावर. फेलोशिपची परीक्षा मी पहिल्या खेपेला पास झाले होते, आणि हे मी लोकांना सांगत नसले तरी लोकांना ते कळेल अशी व्यवस्था ठेवत असे. शशी त्याच परीक्षेत दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा बसलीच नाही. त्यामुळे ती कन्सल्टंट कधी झाली नाही. आमच्याच विभागात, माझ्याहून एक पायरी खालच्या हुद्द्यावर, कॉरिडॉरच्या शेवटच्या खोलीत ती बसायची. खोलीला खिडकी होती. माझ्या खोलीला नव्हती.

तर सुरुवात खिडकीपासूनच करते.

त्या काळी स्कॅन मोठ्या काळ्या फिल्मवर छापून येत. ती फिल्म भिंतीवरच्या लाइटबॉक्सला, म्हणजे मागून उजेड असलेल्या पांढऱ्या पाटीला लावून वाचायची. शशीच्या खोलीतला लाइटबॉक्स अर्धा बंद पडलेला होता. मी तिच्या वतीनं दोनदा दुरुस्तीचा फॉर्म भरला. ती म्हणाली, "राहू दे वं. इंग्लंडचं आभाळ कायले आहे?" आणि ती फिल्म सरळ खिडकीशी धरायची. "अमरावतीले असं करशील तर डोळे फुटतीन उन्हानं. इथं पाह्य, दिवसभर सारखा पांढरा उजेड, फुकट." पेशंटच्या डोक्याच्या कवटीतून तिला पलीकडचं कार पार्क आणि बसस्टॉप दिसत असणार. तरी तिला नेमकं दिसायचं ते दिसायचंच.

ती अमरावतीची, मी पुण्याची. ती मराठी शाळेत शिकलेली, मी कॉन्व्हेंटमध्ये. तिचं इंग्रजी वऱ्हाडीच्या चालीवर चालायचं, पण लेस्टरच्या बायका बोलताना लावतात तसं "मी डक" ती प्रत्येकाला लावायची. मी डक म्हणजे 'माय डक', इथलं 'बाळा'. सर्जनलाही मी डक, लादी पुसणाऱ्यालाही मी डक. मी तीस वर्षं या गावात राहून एकदाही ते तोंडातून काढू शकले नव्हते, आणि तिच्या तोंडी ते पहिल्याच महिन्यात शोभू लागलं. लोकांना ती आवडायची. हेही माझ्या डोळ्यांत खुपायचं.

तिची काम करण्याची रीत मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती पोरकट वाटली. प्रत्येक स्कॅनबरोबर पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी येते: पेशंट कोण, वय काय, तक्रार काय, त्यांना संशय कशाचा. मी ती चिठ्ठी आधी नीट वाचायचे, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीनं रेघ ओढायचे आणि मग फिल्म लावायचे. शशीकडे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा कापलेला एक पुठ्ठा होता. त्यावरचा छापील कोंबडा अजून शाबूत होता. ती चिठ्ठी उलटी घालायची, फिल्मच्या कोपऱ्यातल्या नावावर हा कोंबडा ठेवायची आणि मगच बघायची.

मी विचारलं, "हे काय?"

"आधी बघायचं, मग वाचायचं."

"पण संशय कशाचा आहे ते कळल्याशिवाय तू बघणार काय?"

"तेच त," ती म्हणाली. "तू चित्र पाहून नाई रायली सुनीती, तू चिठ्ठी पाहून रायली. चिठ्ठीत जे लिहिलं, ते दिसतेच मंग. भूत सांगून पाठवलं त भूतच दिसते माणसाले."

मी हसले. त्या हसण्यात कौतुक नव्हतं, हे तुम्ही लक्षात घ्या.

तिचे तीन प्रश्न होते आणि ती ते मोठ्यानं विचारायची, खोलीत कोणी नसलं तरी. दुसऱ्या बाजूला काय आहे? शेजारी हलले का? जुनं काही आहे का?

पहिल्याचा अर्थ असा की आपलं डोकं डावं-उजवं असं जोडीनं बनलेलं असतं. म्हणून संशयाची बाजू बघण्याआधी चांगली बाजू बघायची. दुसरा तिचा लाडका. कवटीचा तळ, म्हणजे मेंदू ज्या हाडांच्या ताटात ठेवलेला असतो ते ताट, फार गजबजलेलं असतं. बोटभर जागेत डोळ्यांच्या नसा, कानांच्या नसा, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, सगळ्यांची आपापली बारीक भोकं आणि बोळ. तिथं एखादी गाठ वाढायला लागली की ती शेजाऱ्यांना ढकलते, भिंती कुरतडते. "वाईट माणूस राहाले आला की आधी शेजारी सरकतात," शशी म्हणायची. "शेजारी जागच्या जागी बसून असतीन त आतल्याले कायले छळायचं?"

आणि जुनं काही. जुनी फिल्म मिळवण्यासाठी ती तळघरातल्या गोदामात स्वतः जायची. परत यायची तेव्हा स्वेटरला धूळ, केसांत जाळं, हातात तपकिरी पाकीट आणि चेहऱ्यावर अशी खुशी, की जणू बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती हलवायाकडे तिला फुकट जिलबी मिळाली आहे.

खाण्याचंही सांगते. टेबलावर चिवड्याचा डबा कायम उघडा. फिल्मवर तेलाची बोटं उमटायची. मी एक नीटनेटकी टंकलिखित सूचना सगळ्यांना पाठवली: फिल्मजवळ खाद्यपदार्थ आणू नयेत. शशीनं ती भिंतीवर टाचणीनं लावली आणि तिच्या बरोबर खाली चिवड्याचा डबा ठेवला. "आता सगळ्यायले सापडते डबा," ती म्हणाली.

तिला राग येत नसे. हे सर्वांत वाईट.

आता मिसेस टिल्लींची गोष्ट. त्या एका शाळेत मुलांना जेवण वाढत. त्यांना चक्कर यायची म्हणून त्यांचा एमआरआय झाला. कानामागच्या हाडाच्या टोकाशी, आत खोल, उजव्या बाजूला पांढरं चकचकीत काहीतरी होतं. मी चिठ्ठी वाचली, रेघा ओढल्या आणि अहवाल लिहिला: दुर्मिळ, कॅन्सर नसलेली, पण वाढणारी एक गाठ, सर्जनचं मत घ्यावं. आमचे कान-नाक-घशाचे सर्जन मिस्टर हॅलोरन. (इथं सर्जनला डॉक्टर नाही, मिस्टर म्हणतात, डॉक्टर म्हटलं की ते दुखावतात.) ते हाड कोरून आत जायच्या तयारीला लागले. त्या हाडातून ऐकण्याची नस जाते.

सोमवारच्या बैठकीत अवघड फिल्म सगळ्यांसमोर लावायच्या असत. त्याआधीच्या आठवड्यात मिस्टर हॅलोरन मिसेस टिल्लींची फिल्म घेऊन नेहमीप्रमाणे माझ्या उघड्या दारावरून पुढे गेले आणि शेवटच्या खोलीत डोकावले. "इज शॅश इन?" हे तीन शब्द मी किती वेळा ऐकले असतील! माझं दार नेहमी उघडं असायचं. मी मुद्दाम उघडं ठेवायचे.

बैठकीत शशी दोन पाकिटं घेऊन आली. एक कॉव्हेंट्रीहून मागवलेलं होतं. तिनं मिसेस टिल्लींना घरी फोन केला होता. "कधी डोक्यावर पडला होतात का, मी डक?" त्या म्हणाल्या, हो, आठ वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीत सायकलवरून पडले होते, तेव्हा डोक्याचा सीटी काढला होता. तो सीटी शशीनं लाइटबॉक्सला लावला. तीच बाजू, तेच हाड, तेवढंच भरीव. आठ वर्षांत तसूभर फरक नाही. डावीकडे त्याच जागी हवेची छोटी छोटी घरं होती. मग तिनं त्याच आठवड्यात मिसेस टिल्लींना पुन्हा बोलावून काढलेला स्कॅन लावला. एमआरआय असाही काढता येतो की चरबी तेवढी काळी पडते. आणि ते पांढरं चकचकीत काहीतरी काळं पडलेलं होतं. गाठ नव्हतीच. एका बाजूच्या हाडात हवा होती, दुसऱ्या बाजूच्या हाडात चरबीनं भरलेली मज्जा. पुष्कळांच्या हाडात असते.

माझे कान तापले होते. आता ती माझ्याकडे बघेल, असं वाटलं. ती म्हणाली, "आम्ही दोघींनी पुन्हा एकदा पाहिलं, अँड वी थिंक, लीव्ह इट अलोन."

आम्ही दोघींनी. मी त्या खोलीत पायही ठेवला नव्हता.

तुम्ही म्हणाल, किती चांगली! हो, चांगली. पण तुम्हाला कधी कोणाचा हेवा वाटला असेल तर कळेल, की ज्याचा हेवा करतो त्यानं आपल्याला वाचवावं यासारखं दुसरं जळणं नाही. ती मला चारचौघांत चुकीची म्हणाली असती, तर मी तिला मनातल्या मनात उद्धट तरी म्हणू शकले असते. घरी येऊन मी आजोबांना म्हटलं, "नशीब चांगलं तिचं, जुनी फिल्म सापडली." आजोबा भाजी चिरत होते. ते म्हणाले, "सापडली की शोधली?" मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

नवीन एमआरआय मशीन आलं तेव्हाची एक गंमत सांगायची राहिली. पेशंट घ्यायच्या आधी मशीनची चाचणी म्हणून आमच्यातल्याच काही जणांनी आत झोपायचं होतं. मी यादी केली आणि पहिलं नाव स्वतःचं घातलं. बाहेर आले तेव्हा शशी माझं डोकं खिडकीशी धरून उभी.

"काय वं सुनीती! तुह्या कपाळात उजवीकडे खोलीच नाई."

"म्हणजे?"

"भुवईच्या वर हवेची पोकळी असते ना, दोन्हीकडे. तुले डावीकडे हा भला मोठा हॉल, आणि उजवीकडे नुसती भिंत. सगळं सामान एका बाजूले ठेवते तू." आणि उजव्या कपाळावर बोटानं टकटक करून ती इतकी हसली की चिवडा सांडला.

तो काही दोष नसतो. कित्येकांना एका बाजूची पोकळी नसते. माझी फिल्म तिनं मागून घेतली आणि तिच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात टाकली. त्या खणावर तिनं देवनागरीत चिठ्ठी लावली होती: 'नॉर्मल'. कोणी हात लावू नये म्हणून मराठीत. आत शेकडो फिल्म, सगळ्यांची नावं कात्रीनं कापलेली. मी विचारलं, नॉर्मल कशाला जमवतेस? सगळे जण दुर्मिळ रोग जमवतात.

"वाईट त पुस्तकातबी भेटते," ती म्हणाली. "चांगलं किती तऱ्हेचं असते, ते कोण दाखवन?"

आता तुमच्या आईची गोष्ट.

मुक्ता तेव्हा ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. डोकं दुखतं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या अगदी मध्यावर, हाडात एक डाग दिसला. अहवालात एका गाठीचं नाव होतं. नाव मी इथं लिहीत नाही. ती गाठ हाड खात जाते आणि पुन्हा पुन्हा येते. अहवाल म्हणत होता, ती नाहीच असं सांगता येत नाही. म्हणून नाकावाटे आत जाऊन तुकडा काढायचा ठरला. दोन्ही बाजूंना मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या, वर डोळ्यांच्या नसा. तारीख ठरली, पुढचा गुरुवार.

मुक्ता फोनवर म्हणाली, "आई, तू बघ ना. तू तर हेच काम करतो." तुमच्या आईचं मराठी तेव्हा असंच होतं. "तू बघितला की मला भीती नाही वाटणार."

तिनं फिल्मची प्रत पोस्टानं पाठवली. मंगळवारी सकाळी आली. मी आधी अहवाल वाचला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी फिल्म धरली. मला गाठच दिसली. दुपारी पुन्हा बघितली, गाठच. बुधवारी, गुरुवारी, तेच. माझ्या डोळ्यांसमोर तो छापील शब्द होता आणि त्या शब्दाच्या आकाराचा डाग. पाठ केलेली सगळी पुस्तकं मला आठवत होती आणि एकही उपयोगाचं नव्हतं.

आजोबा गुरुवारी म्हणाले, "शशीला दाखव."

मी म्हटलं, "ब्रिस्टलला मोठे तज्ज्ञ आहेत."

"मोठ्या तज्ज्ञांचं मी विचारत नाही."

पोरांनो, हिशेब नीट बघा. माझ्या मुलीच्या डोक्यात हत्यार जायला नऊ दिवस उरले होते, आणि त्यातले तीन मी एका बाईच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं न चालता घालवले. कारण उघड होतं. ती म्हणाली असती की काही नाही, तर ती पुन्हा एकदा बरोबर ठरली असती. एवढंच.

शुक्रवारी सकाळी मी गेले. जाण्याआधी माझ्या खोलीत बसून एक पुठ्ठा कापला, पट्टीनं आखून, आणि फिल्मवरच्या नावावर चिकटवून टाकला. तिचा कोंबडा होताच, पण मला खात्री हवी होती. ही माझी मुलगी आहे हे तिला कळता कामा नये. दया नको होती मला तिची.

"एका ओळखीच्यांची आहे," मी म्हटलं. "चिठ्ठी—"

"चिठ्ठी नको." तिनं फिल्म आभाळाला धरली. त्या दिवशी आभाळ खरोखरच एकसारखं पांढरं होतं. माझ्या चिकटवलेल्या पुठ्ठ्याकडे तिनं एकदा बघितलं. मग डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सावकाश. कपाळाशी जरा थांबली. तिथं थांबण्याचं काही कारण नव्हतं. मग खाली सरकली.

"शेजारी नाई हलले," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यामागून पुढे वाकले.

"ह्या पाह्य रक्तवाहिन्या, आपल्या जागी. ही नसांची भोकं, गोल, शाबूत. हाड कुठंच फुगलं नाई. आणि आत काय आहे? चरबी हाय ना ही."

"चरबी?"

"लहानपणी नाकामागच्या हाडात मज्जा असते, हाओ की नाई? मंग तिची चरबी होते, मंग हवा येते आणि तिथं पोकळी होते. कोणाकोणाची हवा दारापर्यंत येते अन् तिथंच थांबते. खोली तयार, सामान तसंच." ती माझ्याकडे बघत नव्हती, फिल्मकडेच बघत होती. "सीटी काढला का?"

"नाही."

"काढाले सांग. काठानं बारीक पांढरी रेघ दिसन, आत वळणदार धागे दिसतीन. ते दिसले का हात लावायचा नाई. अजिबात नाई." मग अगदी हळू, "लेकराले घरी जाऊ दे."

मी फिल्म मागितली. ती म्हणाली, "तासभर राहू दे माह्यापाशी. अजून एकदा पाहतो." तासानं तिनं स्वतः आणून दिली, पाकिटात घालून. बरोबर पुडीत चिवडा.

त्या तासात मी ब्रिस्टलला पत्र लिहिलं. इतकं मुद्देसूद पत्र मी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं. कडा कशी असेल, धागे कसे असतील, कोणती भोकं शाबूत आहेत, सगळं क्रमानं. फॅक्स केलं. खाली सही माझी. फक्त माझी.

सोमवारी सीटी झाला. पांढरी रेघ होती, वळणदार धागे होते. ऑपरेशन रद्द झालं. डोकेदुखी मायग्रेनची निघाली, ती गोळ्यांनी आणि परीक्षा संपल्यावर कमी झाली. ब्रिस्टलच्या सर्जननं मला आभाराचं पत्र पाठवलं, माझ्या तीक्ष्ण नजरेचं कौतुक करणारं. ते मी फाइलला लावलं. मुक्ता घरी आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तू माझा डोका वाचवला!" आजोबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि गप्प राहिले. त्या एका मिनिटात जे बोलले नाही, ते मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

आजोबांनी एकदाच विचारलं, "शशीला सांगितलंस?"

"सांगेन," मी म्हटलं.

शशीनंही कधी विचारलं नाही, त्या ओळखीच्यांचं पुढे काय झालं. तिची ही सवय नव्हती. प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते ती महिनाभर विचारत राही. या एकाचंच तिनं विचारलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं, इतकी मी आंधळी होते.

तिच्या घरचं मी तुम्हाला काही सांगितलं नाही, कारण मला फारसं माहीत नाही. ती गाडी चालवायच्या परीक्षेतही नापास झाली होती, पाच वेळा, आणि ते ती सगळ्यांना हसत सांगायची. म्हणून रोज बसनं यायची. घरी कोण होतं, संध्याकाळी काय करायची, मी विचारलं नाही. हेवा करणारा माणूस समोरच्याचं एकच अंग बघत बसतो. दुसऱ्या बाजूला काय आहे, हा तिचा पहिलाच प्रश्न, मी तिच्या बाबतीत कधी विचारला नाही.

मग फिल्म गेल्या आणि सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं. भिंतीवरचे लाइटबॉक्स स्क्रू काढून उतरवले. शशी पडद्यासमोर बसून म्हणाली, "याले आभाळाले कसं धरू वं?" आणि सहा महिन्यांत तिनं निवृत्ती घेतली. अमरावतीला परत जाणार होती.

निरोपाला मिस्टर हॅलोरन आले, मिसेस टिल्लीही केक घेऊन आल्या. मी कार्ड दिलं. क्रीम रंगाचं लांबट पाकीट, सुंदर अक्षर. आत लिहिलं होतं: निवृत्तीच्या जीवनासाठी शुभेच्छा, सुनीती देवधर. कार्डाची उरलेली जागा कोरी. आदल्या दिवशी मी पेन घेऊन अर्धा तास बसले होते.

निघताना तिनं मला तिच्या खोलीची किल्ली दिली. ती खिडकीची खोली आता मला मिळणार होती. "खालचा खण तुले ठेवला," ती म्हणाली. "बाकीचे फेकून देतीन. तू नीट ठेवशील." आणि पिशव्या उचलून गेली.

मी खण उघडला. माझ्यासारखीलाही हेवा वाटावा इतकं आत सगळं लावलेलं होतं. अख्ख्या खोलीत तेवढी एकच जागा नीटनेटकी. अगदी पुढे एक तपकिरी पाकीट होतं. त्यात दोन फिल्म. एक माझं डोकं, मशीनच्या चाचणीच्या दिवसाचं. दुसरी एक प्रत होती, नावाचा कोपरा कापलेली. मी दोन्ही शेजारी शेजारी खिडकीशी धरल्या. दोन्ही कपाळांत डावीकडे मोठा हॉल, उजवीकडे नुसती भिंत. नाकडोळ्यांसारखं हेही कधी कधी घराण्यातून येतं. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: माय-लेकी. खाली, नॉर्मल.

म्हणजे त्या शुक्रवारी, माझा आखून कापलेला पुठ्ठा जागच्या जागी असताना, कपाळाशी थांबली तेव्हाच तिला कळलं होतं, आणि फिल्म ठेवून घेतली त्या तासात तिनं तिची प्रत काढली होती. आणि पुढची सगळी वर्षं तिनं मला त्या पुठ्ठ्यामागचं नाव लपवू दिलं.

रेवा, शशी आता नाही. अमरावतीहून कळलं तेव्हा तिला जाऊन बरेच दिवस झाले होते. त्यामुळे तिला विचारून तिचं चित्र काढता येणार नाही. पण मी सांगते तसं काढ: ठेंगणी, अंबाड्यातून सुटलेले केस, स्वेटरवर धूळ, आणि हातात भिंग नको, दोन्ही हात वर, आभाळाकडे. आणि मुक्ता, तू हे वाचते आहेस तर, ब्रिस्टलचं ते पत्र लिहायला बसले तेव्हा मला सगळं उत्तर सांगून झालेलं होतं. मी फक्त अक्षर सुंदर काढलं.

तिला मी शेवटचं बघितलं ते त्याच खिडकीतून, हातात त्या दोन फिल्म असताना. खाली बसस्टॉपवर ती पिशव्या पायांशी ठेवून उभी होती. निरोपाची पाकिटं तिनं बाहेर काढली. एकही फोडलं नाही. एकेक पाकीट तिनं दोन्ही हातांत धरून आभाळाकडे नेलं आणि आत काय आहे ते बघू लागली. माझं क्रीम रंगाचं पाकीट आलं. ते तिनं इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरलं. आत वाचण्यासारखं काही नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार! मी काचेवर बोटं वाजवली. एवढ्या उंचावरून तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण तिनं पाकीट खाली घेतलं, वर बघितलं, माझ्या हातातल्या फिल्म बघितल्या आणि हसली. मग उजव्या कपाळावर, जिथं माझ्या आणि माझ्या लेकीच्या कपाळात खोली नाही बरोबर तिथं, बोटानं दोनदा टकटक केली.

बस आली. ती चढली, ड्रायव्हरला बहुतेक मी डक म्हणाली, कारण तो हसला. आणि मला, त्या वेळीसुद्धा, सगळ्यात आधी काय वाटलं ते खरं सांगते. इतकी वर्षं गप्प राहणं हिला जमलं कसं? मला त्याचाही हेवा वाटला.

तुमची,
आज्जी